पैसा वाढला, पण पहिली पायरी गेली: कोल्हापूरच्या प्राध्यापकांना संशोधनाचा निधी मिळवणं इतकं अवघड का झालंय?

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेलं की धोका पातळी. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण पूर ओसरल्यावर शिरोळच्या शेतातल्या मातीत नेमका काय फरक पडला? इचलकरंजीच्या पुढे नदीच्या पाण्यात कापड प्रक्रियेचं काय काय उरतं? गुऱ्हाळघरं कमी का होत चालली आहेत? फाउंड्रीतून निघणाऱ्या वाळूचं पुढे काय होतं?

या प्रश्नांची उत्तरं मोजून-मापून शोधायला दिल्लीहून कोणी येणार नाही. ती शोधू शकेल असा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातला रसायनशास्त्राचा, भूगोलाचा किंवा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्याला सुरुवातीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पाण्याचे नमुने तपासायचे, गावोगाव फिरून माहिती गोळा करायची, मदतीला एखादा विद्यार्थी घ्यायचा, तर दोन-चार लाखांत काम सुरू होतं.

गेल्या काही वर्षांत देशात संशोधनासाठी हजारो, लाखो कोटींच्या घोषणा झाल्या. याच काळात हे दोन-चार लाख मिळण्याची वाट मात्र जवळपास बंद झाली. हे कसं झालं आणि त्याचा फटका नेमका कोणाला बसतो, ते समजून घेऊ.

आधी काय होतं?

विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, प्राध्यापकांना दोन प्रकारचे प्रकल्प द्यायचा. एक बृहत् संशोधन प्रकल्प आणि दुसरा लघु संशोधन प्रकल्प. कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये यांना 'मेजर' आणि 'मायनर' म्हणायचे. बाराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २०१२ ते २०१७ या काळात, मेजरसाठी विज्ञान शाखेत २० लाखांपर्यंत आणि इतर शाखांत १५ लाखांपर्यंत रक्कम होती. मायनरसाठी विज्ञानात ५ लाखांपर्यंत आणि इतर शाखांत ३ लाखांपर्यंत.

कॉलेजच्या प्राध्यापकाला मायनर जास्त जवळचा होता. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचं हे काम यूजीसीच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय कार्यालयातून चालायचं. रक्कम लहान होती, पण तिच्यामुळे माणूस पहिल्यांदा प्रपोजल लिहायला शिकायचा, पहिल्यांदा कोटेशनं मागवायचा, पहिल्यांदा खर्चाचा हिशेब आणि अहवाल द्यायचा. पुढच्या मोठ्या अर्जात लिहायला त्याच्याकडे एक पूर्ण केलेला प्रकल्प असायचा.

या योजनेवर टीकाही होत होती आणि तिच्यात तथ्य होतं. बरेच अहवाल कपाटात गेले. संगणक आणि प्रिंटर घेण्यापुरतेच काही प्रकल्प झाले. पण दुखणं होतं तपासणीचं. उपाय म्हणून योजनाच गेली. पंचवार्षिक योजनांची पद्धत २०१७ मध्ये संपली, त्याबरोबर मायनरचे नवे अर्ज घेणंही थांबलं आणि त्या तोडीची दुसरी देशव्यापी योजना आली नाही.

मग यूजीसीने नवीन काय आणलं?

२०२२ च्या शिक्षक दिनी यूजीसीने संशोधनाच्या काही योजना जाहीर केल्या. त्यातल्या दोन नोकरीत असलेल्या प्राध्यापकांसाठी होत्या. नव्याने लागलेल्यांसाठी डॉ. डी. एस. कोठारी संशोधन अनुदान, १३२ जणांना. आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी दुसरं अनुदान, २०० जणांना. दोन्हींत दोन वर्षांसाठी १० लाखांपर्यंत रक्कम.

आता साधं गणित करू. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४५,४७३ महाविद्यालयं होती. ही सगळीच्या सगळी ३३२ अनुदानं फक्त कॉलेजांना दिली, विद्यापीठांना एकही दिलं नाही, असं धरलं तरी साधारण १३७ कॉलेजांमागे एक अनुदान येतं.

त्यात पात्रतेची अट बघा. नोकरीत असलेल्यांच्या अनुदानासाठी वय ५० पर्यंत हवं, पाच जणांना पीएचडीचं मार्गदर्शन पूर्ण केलेलं हवं आणि आधी किमान दोन अनुदानित प्रकल्प पूर्ण केलेले हवेत. म्हणजे निधी मिळवायला आधी निधी मिळालेला असायला हवा. पदवीपर्यंतच वर्ग असलेल्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला पीएचडीचे विद्यार्थी मिळणंच अवघड, तिथे पाच जणांचं मार्गदर्शन पूर्ण होणार कधी?

पन्नास हजार कोटींचं काय झालं?

२०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा केला. ही संस्था एएनआरएफ या नावाने ओळखली जाते. ५ फेब्रुवारी २०२४ पासून कायदा लागू झाला आणि विज्ञान संशोधनाला निधी देणारं आधीचं मंडळ, एसईआरबी, त्यात विलीन झालं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनात आणायचे, असा आराखडा होता.

यात एक गोष्ट अनेकदा सुटते. या ५०,००० कोटींपैकी केंद्र सरकारचा वाटा १४,००० कोटींचा. उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि देणगीदारांकडून येतील, असं गृहीत धरलेलं आहे. उद्योगाचा पैसा साहजिकच जिथे तयार प्रयोगशाळा आहे तिथे आधी जातो.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. आकडा मोठा आहे, पण तो प्रामुख्याने खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं भांडवल देण्यासाठी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेशी त्याचा थेट संबंध नाही.

एएनआरएफने मागे पडलेल्या संस्थांसाठी 'पेअर' नावाचा कार्यक्रम आणला. यात एक नामांकित संस्था केंद्रस्थानी असते आणि तिला जोडलेल्या सातपर्यंत संस्था तिच्या मदतीने संशोधन करतात. अशा एका गटाला १०० कोटींपर्यंत निधी मिळतो. कल्पना चांगली आहे. पण पहिल्या टप्प्यात जोडीला घेतल्या गेल्या त्या केंद्रीय आणि राज्य विद्यापीठं, निवडक एनआयटी आणि ट्रिपल आयटी. शिवाजी विद्यापीठासारख्या संस्थेला या दारातून आत जाता येतं. विद्यापीठाशी संलग्न असलेलं चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याचं कॉलेज बाहेरच उभं राहतं.

हा प्रश्न कोल्हापूरपुरताच आहे का?

अजिबात नाही. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधन आणि विकासावर साधारण १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या हा खर्च ०.६४ टक्के होता. त्यात उच्च शिक्षण क्षेत्राचा वाटा ८.८ टक्के. म्हणजे विद्यापीठं आणि कॉलेजं मिळून शंभरातले नऊ रुपयेही नाहीत.

दुसरीकडे, नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालानुसार देशातले सुमारे ८१ टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली शिकतात. यातली मोठी संख्या संलग्न कॉलेजांत आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. इथल्या बहुतेक मुलांची पदवी विद्यापीठाच्या आवारात होत नाही, गावाजवळच्या कॉलेजातच पूर्ण होते.

अर्ज करतो कोण?

सरकारी निधीसाठी प्रमुख संशोधक कायम नोकरीतला असावा लागतो. महाराष्ट्रातली अडचण इथेच सुरू होते. अनुदानित कॉलेजांतली प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडली. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या पदांपैकी उरलेली २०८८ पदं भरायला परवानगी मिळेपर्यंत २०२१ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात वर्ग चालवले ते तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबी प्राध्यापकांनी. यातले अनेक जण नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले आहेत. पण कायम पद नसल्यामुळे त्यांना स्वतःच्या नावाने प्रकल्प मागता येत नाही.

पुढे कायम झाल्यावर वय आडवं येतं. एएनआरएफचं पंतप्रधानांच्या नावाने असलेलं नवोदित संशोधकांसाठीचं अनुदान तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आहे, पण वयाची मर्यादा ४२. दहा-बारा वर्षं सीएचबीवर काढून चाळिशीत कायम झालेल्या माणसाच्या हातात अर्जासाठी जेमतेम वर्ष-दोन वर्षं उरतात.

कॉलेजही यूजीसी कायद्याच्या २ (एफ) आणि १२ (बी) या कलमांखाली मान्यता असलेलं लागतं. ही मान्यता नसेल तर केंद्राच्या बऱ्याच योजनांचं दार आधीच बंद असतं.

प्रपोजलमध्ये अवघड काय असतं?

बाहेरून वाटतं की चांगला विषय असला की झालं. प्रत्यक्षात प्रपोजलमध्ये संशोधनाचा प्रश्न, आधी झालेल्या कामाचा आढावा, उद्दिष्टं, पद्धत, कोणत्या महिन्यात काय होणार याचं वेळापत्रक, खर्चाचा तक्ता, आधीच्या कामाची माहिती आणि प्राचार्यांचं संमतीपत्र, असं सगळं लागतं. अनेक अर्ज विज्ञानाच्या भागात चांगले असतात आणि पैशाच्या भागात अडकतात.

उदाहरण घेऊ. राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी एसईआरबीने आणलेल्या 'शुअर' योजनेत तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. एवढ्या रकमेच्या प्रकल्पात एक कनिष्ठ संशोधक घ्यायचा म्हटलं तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ४२,००० रुपये. तीन वर्षांचे झाले १३ लाख ९२ हजार. घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे जवळपास निम्मी रक्कम एका माणसाच्या मानधनात जाते. उरलेल्यात उपकरणं, रसायनं, प्रवास आणि किरकोळ खर्च बसवायचा.

उपकरणांचं गणितही बदललंय. सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये काढून घेतली गेली. उपकरणाची किंमत ५ लाख आणि कर १८ टक्के असेल, तर बिल ५ लाख ९० हजारांचं होतं. प्रपोजलमध्ये ५ लाखच लिहिले असतील तर वरचे ९० हजार आणायचे कुठून? म्हणून जुनं कोटेशन चालत नाही. अर्जाच्या वेळी कराचा दर किती आहे ते बघून ताजं कोटेशन लागतं. एका बाबतीत मात्र दिलासा मिळाला. संशोधनासाठी मिळणाऱ्या अनुदानावरच जीएसटी लावायचा का, असा वाद २०२४ मध्ये निघाला होता. सप्टेंबर २०२४ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने सरकारी संस्थांना आणि आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठ-कॉलेजांना त्यातून सूट द्यायचं ठरवलं.

मंजूर झालं की सुटलो?

इथून दुसरी परीक्षा सुरू होते. दरवर्षी खर्चाचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. कॉलेजांच्या भाषेत 'यूसी'. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो.

२०२२ नंतर केंद्राच्या अनेक योजनांत पैसे देण्याची पद्धतही बदलली. आता पूर्ण रक्कम कॉलेजच्या खात्यात येऊन पडत नाही. शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा दिली जाते आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा संपते. सरकारचा पैसा बँकेत विनाकारण पडून राहू नये, हा त्यामागचा हेतू योग्य आहे. पण फेब्रुवारीत मिळालेली मर्यादा ३१ मार्चपूर्वी नियमाने खर्च करायची, आणि त्याच दिवसांत प्रात्यक्षिक परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर तपासणी. आयआयटीत यासाठी वेगळं कार्यालय असतं, खरेदी विभाग असतो. कॉलेजात हेडक्लार्क आणि प्राध्यापक दोघं मिळून हे सगळं करतात. हेडक्लार्कला त्याच वेळी पगार बिलं, शिष्यवृत्ती आणि परीक्षा अर्जही बघायचे असतात.

मग प्राध्यापक या भानगडीत पडतात कशाला?

काही जण खरोखर आवडीने, काही जण नाइलाजाने. नॅकच्या मूल्यांकनात संशोधन हा स्वतंत्र निकष आहे, त्यामुळे व्यवस्थापनाकडून विचारणा होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० लाखांवरचा प्रकल्प पूर्ण केला तर १० गुण आणि त्यापेक्षा लहान प्रकल्पाला ५ गुण आहेत. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात गुणांची ही पद्धत काढून नऊ प्रकारच्या 'उल्लेखनीय योगदानां'चा विचार सुचवला होता. त्यातही प्रायोजित संशोधनाचा निधी हा एक प्रकार होताच.

म्हणजे निधी आणा असं सांगणारे वाढले आणि पहिला निधी देणारं खिडकीवरचं माणूसच उठून गेलं. अशा वेळी लोक पैसे देऊन पेपर छापणं, परिषदांची प्रमाणपत्रं गोळा करणं अशा सोप्या वाटा शोधतात. त्यात संशोधनाचा दर्जा बुडतो आणि बदनामी मात्र सगळ्याच कॉलेजांची होते.

२०२७ हे वर्ष महत्त्वाचं का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची झाली आहे. चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' हा पर्याय आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला तो घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. हा पर्याय द्यायचा असेल तर विभागात पीएचडीला मार्गदर्शन करू शकणारे किमान दोन कायम प्राध्यापक हवेत.

महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. त्या वर्षी प्रथम वर्षाला आलेल्या मुलांचं चौथं वर्ष २०२७ मध्ये सुरू होतं. ज्या विभागात दोन पात्र प्राध्यापक नाहीत, तिथल्या हुशार मुलाला संशोधनाचा पर्याय त्याच्या कॉलेजात मिळणार नाही. त्याला कोल्हापूर, पुणे गाठावं लागेल, नाहीतर तो नाद सोडावा लागेल. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलीसाठी तर या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा 'सोडावा लागेल' असाच होतो.

आणि जिथे पात्र प्राध्यापक आहेत, तिथेही त्या मुलांचे प्रकल्प कोणत्या पैशातून होणार, हा प्रश्न उरतोच.

आहे त्या परिस्थितीत काय करता येतं?

काही वाटा अजून खुल्या आहेत.

पहिली, उपकरण विकत न घेता वापरायचं. शिवाजी विद्यापीठात केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने उभं राहिलेलं 'सैफ' हे प्रगत विश्लेषण उपकरणांचं केंद्र आहे. नमुना द्यायचा, शुल्क भरायचं आणि निष्कर्ष घ्यायचे. प्रपोजलमध्ये उपकरणाऐवजी या शुल्काची तरतूद केली तर मागणी लहान होते आणि ती पटतेही.

दुसरी, 'टेअर' नावाची योजना. यात कॉलेजचा प्राध्यापक आपली नोकरी न सोडता एखाद्या मोठ्या संस्थेत वर्षातले किमान ९० दिवस काम करतो. तीन वर्षं दरसाल ५ लाखांचा संशोधन निधी मिळतो, तो दोन्ही संस्थांत निम्मा-निम्मा वाटला जातो, शिवाय प्राध्यापकाला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. कोल्हापूरकरांसाठी पुण्यातल्या राष्ट्रीय संस्था त्यातल्या त्यात जवळच्या. पण ९० दिवस बाहेर राहायचं तर कॉलेजने तासांची सोय लावायला हवी, आणि मुख्य अडचण तिथेच येते.

तिसरी, सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर. कोल्हापुरी चपलेचे कारागीर, ऊसतोडणी, पूरग्रस्तांचं स्थलांतर असे विषय इथे बसतात. कोल्हापुरी चपलेला आणि कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा फायदा कारागिरापर्यंत आणि गुऱ्हाळमालकापर्यंत किती पोचला, हा अभ्यासाचा विषय आहे. असा स्थानिक प्रश्न हीच कॉलेजच्या प्राध्यापकाची जमेची बाजू. नॅनो मटेरियलवर तो आयआयटीशी स्पर्धा करू शकत नाही, पण शिरोळच्या शेतात दर महिन्याला जाणं आयआयटीला जमणार नाही.

पण या तिन्ही वाटा आधीच थोडं चालता येणाऱ्यासाठी आहेत. पहिल्यांदा प्रपोजल लिहिणाऱ्यासाठी दोन-तीन लाखांचं, झटपट निर्णय होणारं आणि काटेकोर तपासणी असलेलं अनुदान लागतं. ते केंद्राने द्यावं असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात संशोधन मंडळ आहे. राज्याचा राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोग आहे, आणि तो विद्यापीठांमार्फत प्रकल्पांना मदत करतोच. या दोघांनी ठरवलं तर पहिल्या अर्जदारांसाठी वेगळा कोटा ठेवता येईल. तीन-चार कॉलेजांना मिळून एक हिशेबनीस देता येईल, म्हणजे यूसीचं ओझं एकट्या प्राध्यापकावर पडणार नाही. सीएचबीवरच्या पीएचडीधारकाला सहसंशोधक म्हणून मानधनासह सामावून घेता येईल.

हिशेबही फार मोठा नाही. वर्षाला १०० प्राध्यापकांना प्रत्येकी ३ लाख दिले तर खर्च होतो ३ कोटी. 'पेअर'च्या एका गटाला मिळू शकणाऱ्या १०० कोटींत अशी ३,३०० हून जास्त अनुदानं बसतात. त्यातली निम्मी वाया गेली असं धरलं तरी उरलेल्या निम्म्यांतून पुढच्या मोठ्या अर्जांचे संशोधक तयार होतील. २०२७ मध्ये चौथ्या वर्षाला येणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करायला लागणारी माणसं त्यांच्यातूनच मिळणार आहेत, आणि त्यासाठीचे अर्ज आता मागवावे लागतील.